नाडी, बंद आणि रबर

मनुष्याच्या वस्त्रांचा इतिहास सांगतांना कापूस, लोकर आणि रेशीम यांची कथा सांगितली जाते. कांठ, पदर आणि रंग यांचेंहि कौतुक होतें. परंतु वस्त्र अंगावर टिकून राहतें तें कशाच्या बळावर, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक वस्त्राची पहिली अडचण हीच आहे. मनुष्य वांकतो, धांवतो, बसतो, उठतो. त्याची कंबर जेवणापूर्वीं एक असते आणि जेवणानंतर दुसरी. अशा सतत हलणाऱ्या शरीरावरून कापड घसरतां कामा नये आणि तें काचतांहि कामा नये. ही अडचण आपल्या पूर्वजांनीं गांठीनें सोडविली. गेल्या दोनशें वर्षांत जगानें ती रबरानें सोडविली. बहुतेकांस हा बदल सुखाचा झाला. कांहीं थोड्यांस मात्र तो दुःखाचा झाला आहे, कारण रबराचा स्पर्शच त्यांच्या शरीरास सोसत नाहीं. अशा माणसांच्या दृष्टीनें वस्त्रांचा जुना इतिहास ही केवळ कुतूहलाची गोष्ट राहत नाहीं. ती रोजच्या उपयोगाची विद्या ठरते.

हा इतिहास अहमदनगर जिल्ह्याच्या आधारें पाहणें सोयीचें आहे. १४९० सालीं मलिक अहमद निजामशहानें वसविलेलें हें शहर पुढें विणकरांचें शहर म्हणून नांवारूपास आलें. १८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नगर खंडांत येथील लुगड्यांच्या विणकामास मोठें स्थान दिलेलें आहे. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणांतून आलेले पद्मशाली अशा अनेक जातिजमातींच्या हातांनीं हा धंदा पोसला. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं नगर येथेंच हातमागांत सुधारणा केल्या आणि ‘चर्चिल माग’ या नांवानें तो माग इतरत्रहि माहीत झाला. २०२४ सालीं या जिल्ह्यास ज्यांचें नांव देण्यांत आलें त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं झाला. पुढें नर्मदातीरीं महेश्वर येथें त्यांनीं विणकरांस आश्रय दिला आणि माहेश्वरी लुगड्यांची कीर्ति सर्वत्र पसरली.

या मागांवरून उतरलेलें कापड अंगावर कसें बसत असे तें पाहण्यासारखें आहे. नऊवारी लुगड्यास शिवण नाहीं, गुंडी नाहीं, आंकडा नाहीं. कमरेशीं एक गांठ, पुढें निऱ्या, मागें कासोटा आणि खांद्यावर पदर, एवढ्या व्यवस्थेवर तें वस्त्र दिवसभर राहतें. तें नेसून स्त्रिया शेतांत खुरपत, विहिरीचें पाणी ओढीत आणि डोंगर चढत. पुरुषाचें धोतरहि तसेंच केवळ निऱ्यांच्या आणि काष्ट्याच्या जोरावर उभें राहतें. शिवलेल्या कपड्यांत बाराबंदीचें नांवच बोलकें आहे: बंद बांधून अंगाशीं बसवावयाचा तो अंगरखा. हे बंद हवे तितके सैल किंवा घट्ट करितां येत. मनुष्य लठ्ठ झाला किंवा आजारानें वाळला तरी कपडा टाकावा लागत नसे. चोळीची गांठ पुढें, विजारीस आणि परकरास नेफा व त्यांत ओंवलेली नाडी, बंडीस कापडाचीच गुंडी आणि दोऱ्याचा फासा. तान्ह्या मुलाचें झबलें, टोपडें आणि लंगोट हींहि बंदांनींच बांधावयाचीं. यांपैकीं एकाहि ठिकाणीं ताणलें जाऊन पुन्हां आंखडणारा असा पदार्थ नव्हता. तो काम कापड आपल्या घड्यांनीं आणि मनुष्य आपल्या बोटांनीं करीत असे.

पावसापासून रक्षणाचीहि अशीच व्यवस्था होती. नगर जिल्हा बव्हंशीं अवर्षणाचा. परंतु त्याच्या पश्चिम टोंकास अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या कुशींत धो धो पाऊस कोसळतो. तेथील शेतकरी भाताची लावणी करितांना बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें पाठीवर घेई, किंवा धनगराच्या मागावरची घोंगडी खोळ करून डोक्यावरून सोडी. लोकरीच्या अंगीं असलेला तेलकटपणा पाऊस कांहीं वेळ बाहेरच थोपवून धरतो. त्याच काळांत विलायतेंत पावसावर एक निराळाच उपाय निघाला होता आणि त्या उपायापासूनच रबराचा वस्त्रांत प्रवेश झाला.

वड, उंबर किंवा रुई यांचें पान तोडलें असतां पांढरा चीक निघतो हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें. दक्षिण अमेरिकेंतील एका वृक्षाचा असाच चीक वाळवून तेथील मूळचे लोक चेंडू आणि पादत्राणें करीत. या चिकालाच लॅटेक्स असें म्हणतात. १७७० मध्यें जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानें या पदार्थानें शिसपेन्सिलीचें लिखाण पुसतां येतें हें नमूद केलें आणि पुसण्याच्या क्रियेवरूनच इंग्रजींत त्यास रबर हें नांव पडलें. १८२० मध्यें लंडनच्या टॉमस हॅन्कॉक यानें कपड्यांच्या मनगटाशीं व इतर ठिकाणीं रबराच्या पट्ट्या बसविण्याचें पेटंट मिळविलें. १८२३ मध्यें ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यानें दोन कापडांच्या मध्यें रबराचा थर देऊन पाणी न शिरणारें कापड केलें. पुढें असा पावसाळी डगला त्याच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. परंतु हें कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत कडक होई. १८३९ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास गंधकाबरोबर रबर तापविलें असतां तें टिकाऊ आणि लवचिक होतें असा शोध लागला. येथपासून रबराचा खरा प्रपंच सुरू झाला.

पुढची गोष्ट व्यापाराची आणि साम्राज्याची आहे. १८७६ मध्यें हेन्री विकहॅम यानें ब्राझीलमधून रबराच्या झाडाचें सुमारें सत्तर हजार बीं लंडनजवळच्या क्यू उद्यानांत आणलें. तें बहुतेक वायां गेलें. पण जीं कांहीं थोडीं रोपें जगलीं तीं सिलोनकडे रवाना झालीं आणि त्या रोपांपासून पूर्वेकडील मळे वाढले. आपल्या देशांत केरळांत पेरियार नदीच्या परिसरांत १९०२ मध्यें व्यापारी लागवडीस प्रारंभ झाला.

कपड्यांत वापरावयाचा रबरी दोरा प्रथम रबराच्या पत्र्यांतून कापून काढीत. तो जाड असे. १९३१ च्या सुमारास प्रत्यक्ष चिकापासूनच बारीक छिद्रांतून गोल व लांबच लांब दोरा काढण्याची युक्ति निघाली. त्यावर सूत गुंडाळलें म्हणजे रबर दिसेनासें होई आणि तो दोरा कापडांतच विणतां येई. अंतर्वस्त्रें, मोजे, पोहण्याचे पोषाख यांचें स्वरूप त्यामुळें पालटलें. १९४२ मध्यें जपाननें मलाया जिंकल्यावर इंग्लंड-अमेरिकेंत रबराचा दुष्काळ पडला आणि साध्या इलॅस्टिकच्या पट्टीसहि मोल आलें. एका वृक्षाच्या चिकावर साऱ्या जगाचे कपडे किती अवलंबून राहिले होते तें तेव्हां दिसलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृति पुढारी नगरच्या किल्ल्यांत स्थानबद्ध झाले. त्यांच्या अंगावरील खादी ही स्वावलंबनाची खूण होती. परंतु परक्या मळ्यांतील चिकावर न अडलेलें असेंहि तें वस्त्र होतें, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

इलॅस्टिक आपल्या घरांत शिरलें तें कोणाच्या सक्तीनें नव्हे. नाडी ओंवावी लागते, ती नेफ्यांत हरवते, तिला ऐन वेळीं निरगांठ बसते. लहान मुलास ती सोडतां येत नाहीं. इलॅस्टिकची विजार मूल आपली आपण चढवितें. वृद्धांची बोटें थरथरूं लागलीं म्हणजे त्यांसहि ती सोयीची वाटते. हा लाभ नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु नाडी आणि इलॅस्टिक यांत एक मूळचा भेद आहे. नाडी एकदां बांधली म्हणजे ती स्वस्थ राहते. इलॅस्टिक मात्र दिवसभर, क्षणाचीहि उसंत न घेतां, कातडीस दाबीत आणि घासटीत असतें. घाम त्याच जागीं सांचतो, आणि सुताच्या वेष्टणांतून रबरांतील द्रव्यें त्या घामाबरोबर कातडीपर्यंत येऊं शकतात.

रबरापासून होणाऱ्या विकाराची हकीकत मोठी विलक्षण आहे, कारण तिच्या आरंभीं कातडीच्या रक्षणाचीच इच्छा दिसते. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉल्स्टेड या शस्त्रवैद्याच्या हाताखालीं कॅरोलाइन हॅम्प्टन ही परिचारिका होती. जंतुनाशक द्रावणानें तिचे हात सोलून निघत. १८८९-९० च्या हिवाळ्यांत हॉल्स्टेडनें तिच्यासाठीं पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढें तिचा त्याच्याशीं विवाह झाला आणि ते हातमोजे साऱ्या जगाच्या शस्त्रक्रियागृहांत गेले. जें एकीच्या हातांचें कवच होतें तेंच पुढें अनेकांच्या हातांचें दुखणें झालें. १९७९ मध्यें इंग्लंडमधील एका वैद्यकीय वृत्तांतांत रबरी हातमोज्यांनीं तात्काळ अंगावर गांधी उठल्याची नोंद झाली. नंतर एड्सच्या भीतीनें १९८७ पासून अमेरिकेंतील रुग्णालयांत प्रत्येक रोग्यासाठीं हातमोजे वापरण्याचा नियम पसरला. मोज्यांचा खप अतोनात वाढला आणि त्याबरोबर रोगीहि वाढले. मोजे सहज चढावे म्हणून त्यांत घातलेली पिठी चिकांतील प्रथिनें घेऊन हवेंत उडे व श्वासांतून शरीरांत जाई. १९९८ पासून अमेरिकेंत रबर असलेल्या वैद्यकीय वस्तूंवर तसें छापणें सक्तीचें झालें, आणि २०१७ च्या जानेवारीपासून पिठीच्या हातमोज्यांवर तेथें बंदी आली.

या विकाराचे मुख्य प्रकार दोन आहेत आणि त्यांची गल्लत करणें धोक्याचें आहे. पहिला प्रकार चिकांतील प्रथिनांमुळें होतो. स्पर्श झाल्यावर थोड्याच मिनिटांत खाज सुटते, गांधी उठतात, शिंका येतात, डोळे चुरचुरतात; क्वचित् श्वास कोंडून जिवावर बेततें. ज्यांच्या लहानपणापासून अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत अशांस आणि रुग्णालयांत व रबराच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांस त्याचें भय अधिक. अशा कांहीं माणसांस केळें, पपई, किवी किंवा अंजीर खाल्ल्यानेंहि तोंडास खाज सुटते, कारण या फळांतील कांहीं प्रथिनें रबराच्या प्रथिनांशीं मिळतींजुळतीं असतात. दुसरा प्रकार रबर पक्कें करण्यासाठीं त्यांत मिसळलेल्या रसायनांमुळें होतो. तो लगेच दिसत नाहीं. एकदोन दिवसांनीं कातडी लाल होते, खाजते, पुढें जाड व काळसर होते. कपड्यांच्या पट्ट्यांनीं होणारा त्रास बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. परंतु पहिल्या प्रकारच्या रोग्यासहि या पट्ट्या टाळणेंच इष्ट होय.

दुसऱ्या प्रकारची खूण त्याच्या आकृतींत असते. कमरेभोंवतीं बरोबर पट्टीएवढा पट्टा, मांडीवर वर्तुळ, पोटरीवर मोज्याच्या कांठाची रेघ, पाठीवर आडवी ओळ, असा तो उमटतो. आपल्याकडे कमरेची खाज म्हटली कीं नायटा समजण्याची रीत आहे. नायटाहि घामाच्या जागींच होतो, त्यामुळें फसगत सोपी असते. मग दुकानांतून एखादें मलम आणलें जातें. त्यांत स्टिरॉइड असेल तर खाज चार दिवस थांबते, खरा नायटा असल्यास तो आंतल्या आंत पसरतो, आणि रबराचा विकार असल्यास मलम थांबतांच तो पुन्हां उमटतो. दोन्ही बाजूंनीं नुकसानच. चर्मरोगाचे वैद्य पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या चिकट्या लावून दोन दिवसांनीं नेमका अपराधी पदार्थ शोधून काढतात. ही परीक्षा झाल्यावांचून कोणासहि रबराचा रोगी ठरवूं नये आणि नाहीं असेंहि ठरवूं नये.

परीक्षेनंतर खरा प्रश्न उरतो तो बाजाराचा. तयार कपड्यांवरील चिठ्ठींत ‘शंभर टक्के सुती’ असें लिहिलेलें असतें तें कापडाविषयीं. कमरेच्या पट्टींतील दोऱ्याविषयीं बहुधा मौन असतें. ताणणारी प्रत्येक वस्तु रबराचीच असते असेंहि नाहीं. १९५८ मध्यें अमेरिकेंत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानें स्पॅन्डेक्स नांवाचा कृत्रिम धागा सिद्ध केला. इलास्टेन व लायक्रा हीं त्याचींच नांवें. त्याचा झाडाच्या चिकाशीं संबंध नाहीं, म्हणून चिकाच्या प्रथिनांची बाधा होणाऱ्यांस तो सहसा सोसतो. मात्र डोळ्यांनीं पाहून किंवा ताणून हा धागा कोणता आणि रबर कोणतें हें सांगतां येत नाहीं. चिठ्ठीवर त्याचें नांव असणें जरूर आहे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अमेरिकेंतील वैद्यांनीं १९७५ मध्यें दाखविली. पांढरे कपडे धुतांना वापरलेल्या क्लोरीनच्या विरंजकानें अंतर्वस्त्रांच्या रबरी पट्टींत नवेंच त्रासदायक द्रव्य तयार होतें. अर्थात् कपडा नवा असतांना न झालेला त्रास कांहीं धुण्यांनंतर सुरू होऊं शकतो, आणि घरांतील माणसें साबणास दोष देत बसतात.

अशा वेळीं बाजारांत शोधण्यापेक्षां शेजारच्या शिंप्याकडे गेलेलें बरें. इलॅस्टिक काढून तेथें नेफा करून सुती नाडी घालणें हें त्यास कठीण नाहीं. पट्टीवर नुसतें अस्तर लावून मात्र भागत नाहीं, कारण घाम अस्तरांतून जातोच. पुरुषांस नाडीची सुती विजार किंवा गुंड्यांची चड्डी, स्त्रियांस पुढें गांठीची चोळी अथवा आंकड्यांची कांचोळी, मुलांस बंदांचें झबलें, हे प्रकार अद्यापि शिवतां येतात. पायांत शिवणीची चामड्याची चप्पल ठीक. परंतु तिचा तळ रबराचा नाहीं आणि ती रबरी चिकटीनें जोडलेली नाहीं याची खात्री करून घ्यावी. रबरी चपलेच्या पट्ट्यांखालीं कातडी पांढरी पडल्याचीं उदाहरणें आपल्या देशांतील वैद्यांनीं नोंदलेलीं आहेत. तीं रबरांतील रसायनांमुळें घडतात. पावसाळ्यांत रबरी डगल्याऐवजीं प्लॅस्टिकचा डगला किंवा साधी छत्री पुरते.

तरीहि जुनें तें सर्वच निर्दोष असें मानणें इतिहासास धरून होणार नाहीं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं सूर्याबाई या आपल्या सहकारिणीसह १९४५ मध्यें लिहिलेल्या निबंधांत, धोतर वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट बांधल्यानें कमरेच्या कातडीस होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन केलें आहे. २०२४ मध्यें वर्धा येथील वैद्यांनीं, बिहारमधील सहकाऱ्यांसह, परकराच्या घट्ट नाडीमुळें कमरेवर जखम होऊन तिचें कर्करोगांत रूपांतर झाल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध केलीं. असे प्रसंग विरळा. पण त्यांचा बोध स्पष्ट आहे. नाडी बारीक दोरीची नसावी, रुंद पट्टीची असावी. ती सैल बांधावी, गांठीची जागा मधून मधून बदलावी आणि कमरेवर न भरणारी जखम दिसली तर ती वैद्यास दाखवावी. नाडीचा गुण ती सैल करितां येते यांतच आहे. तो गुण जो वापरीत नाहीं त्यास नाडी आणि इलॅस्टिक सारखींच.

आतां एक सामाजिक बाजू राहते. आज शाळेचा गणवेश, खेळाचा पोषाख, परिचारिकेचा वेष हे ठराविक असतात आणि त्यांत इलॅस्टिक गृहीत धरलेलें असतें. ज्या मुलास तें सोसत नाहीं तें दिवसभर कंबर खाजवितें. सोबती हंसतात आणि वर्गांत चुळबुळ करितो म्हणून त्यास बोलणीं बसतात. त्याच रंगाच्या कापडाची नाडीची विजार शिवून घेण्याची परवानगी देण्यांत कोणत्याहि शाळेचें कांहीं जात नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांनीं वैद्याची चिठ्ठी घेऊन ती मागावी. तसेंच ज्यास पहिल्या प्रकारचा विकार आहे त्यानें दांत काढण्यापूर्वीं, बाळंतपणापूर्वीं किंवा कोणत्याहि शस्त्रक्रियेपूर्वीं ही गोष्ट वैद्यास आपण होऊन सांगावी. शक्य तर एका कागदावर लिहून तो कागद सदैव जवळ बाळगावा. कपड्यानें होणारा त्रास फार तर झोंप घालवितो. हातमोज्याच्या बाबतींतील मौन प्राण घालवूं शकतें.

नगरच्या विणकरांनीं लुगडीं विणलीं तीं कोणा रोग्यासाठीं नव्हेत आणि बाराबंदी शिवणाऱ्या शिंप्यास चिकांतील प्रथिनें ठाऊक नव्हतीं. त्यांनीं हातीं असलेल्या सुतानें समोरची अडचण सोडविली, एवढेंच. परंतु ती विद्या अजून मोडलेली नाहीं. घरांतील वृद्ध स्त्रीस निऱ्या घालतां येतात, शिंप्यास नेफा माहीत आहे, आणि बाळाचें झबलें अजून बंदांनींच बांधलें जातें. ज्याच्या अंगास रबर सोसत नाहीं त्यानें ही विद्या मागून घ्यावी आणि ज्यांच्यापाशीं ती आहे त्यांनीं ती पुढच्यांच्या हातीं द्यावी.